दहा राउंड मारून पण पोरगा तसाच? एडीएचडीवाल्या मुलांच्या खेळाबद्दल थोडं सविस्तर

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दीड वर्षापूर्वी नाशिकला दाखवलं तेव्हा एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं, अति चळवळ, उतावळेपणा) सांगितलं, गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले व्यायाम भरपूर द्या, म्हणून त्याचे पप्पा रोज सकाळी ग्राउंडवर नेतात आणि दहा राउंड मारायला लावतात. तीन महिने झाले. पोरगा काटक झालाय, पण अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो, वर्गात मधेच उत्तर ओरडतो, खेळात नंबर यायच्या आधीच धावतो, म्हणजे जे होतं ते तसंच. "दमला की शांत बसेल असं वाटलं होतं, उलट जास्तच चढतो" हे त्यांचं वाक्य. आता कराटे लावू का, ट्रॅम्पोलिन घेऊ का, की व्यायामाचा काही उपयोगच नसतो, असं विचारलंय.

ताई, तुमच्या मिस्टरांना आधी शाबासकी द्या. रोज पहाटे उठून पोराला ग्राउंडवर नेणारा बाप मला महिन्यातून एखादाच भेटतो. चूक त्यांची नाहीये, "दमव म्हणजे बसेल" हे आपल्याकडे सगळेच सांगतात आणि खरं सांगू का, मी पण सांगायचे. जळगावात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करतेय त्याला १९ वर्षं झाली, त्यातली पहिली तीन-चार वर्षं माझा पण हाच हिशोब होता. भुसावळहून एक मुलगा यायचा, रेल्वे क्वार्टरमधला, त्याला मी सेशनच्या आधी बाहेरच्या गल्लीत पळवायचे. बारा फेऱ्या. पळून आला की घामाने चिंब, डोळे चकाकतायत, आणि आल्या आल्या माझी खुर्ची फिरवायला सुरुवात. त्याची आजी सोबत यायची, ती एक दिवस मला म्हणाली, "हाऊ पोऱ्या घरम्हा बी एक जागावर बठतंच नही माय, तू आखो पयाडी ऱ्हायनी." म्हणजे हा घरात पण एका जागी बसत नाही, आणि तू अजून पळवतेय. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की म्हातारीचं बरोबर होतं, निदान अर्धं तरी.

त्याचं कारण असं. एडीएचडीच्या मुलाकडे ताकद जास्त आहे आणि ती बाहेर काढली की काम झालं, असं गणित नसतं. त्याची गाडी जोरात आहे हा मुद्दाच नाही, ब्रेक उशिरा लागतो हा मुद्दा आहे. त्याला नियम माहीत असतो. विचारा त्याला, "वर्गात मधेच ओरडायचं का?" तो म्हणेल नाही. मनापासून म्हणेल. पण त्या क्षणाला तोंड आधी उघडतं आणि नियम मागून आठवतो. मेंदूच्या पुढच्या भागाकडे तीन कामं असतात असं आपण साधं समजू: थांबणं, एखादी गोष्ट ध्यानात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की आपण पण बदलणं. या मुलांची ही तीन कामं कच्ची असतात, कारण तो भाग पिकायलाच वेळ घेतो. २००७ मध्ये अमेरिकेत मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं काढून बघितले होते, त्यात मेंदूच्या सालीची जाडी साध्या मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या आसपास शिखराला पोचली आणि एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त उशीर या पुढच्या भागातच दिसला. म्हणजे सरासरी तीनेक वर्षं मागे. तुमचा मुलगा चौथीत आहे पण त्याचा ब्रेक पहिली-दुसरीतल्या मुलाचा आहे असं धरून चाला, तुमचा निम्मा राग तिथेच उतरेल.

आता राउंड मारताना या तीन कामांपैकी कुठलं काम होतं? पहिले दोन दिवस होत असेल, नवीन जागा, नवीन ग्राउंड. नंतर पाय आपोआप चालतात आणि डोकं कुठेतरी फिरत असतं. घाण्याला जुंपलेला बैल डोळ्यांना झापड लावून दिवसभर फिरतो, त्याला विचार करायची गरजच नसते. दहा राउंड म्हणजे तेच. छातीला चांगलं, पायाला चांगलं, झोपेला पण चांगलं, पण ब्रेकला सराव नाही.

याच्यावर स्वित्झर्लंडमध्ये एक छान प्रयोग झालाय, २०१५ मध्ये छापून आला. शाळेतली १० ते १२ वर्षांची १८१ मुलं (ही साधी मुलं होती, एडीएचडीची नव्हेत), पीटीच्या तासाला सहा आठवडे एका गटाला डोकं लावायला लागेल असे सांघिक खेळ दिले, दुसऱ्या गटाला नुसतं पळणं वगैरे दम लागणारा व्यायाम, तिसऱ्या गटाला नेहमीचंच हलकं काहीतरी. दम लागणाऱ्या दोन्ही गटांचा स्टॅमिना वाढला. पण "नियम बदलला की आपण बदलणं" हे फक्त खेळवाल्या गटात सुधारलं. घाम दोन्हीकडे सारखाच, फरक डोक्याच्या कामाचा. तैवानमध्ये एडीएचडीच्या मुलांना १२ आठवडे टेबल टेनिस शिकवलं, आठवड्यातून दोनदा, ७० मिनिटं, त्यांचं पण हातापायाचं कौशल्य आणि थांबण्याची, बदलण्याची क्षमता वाढलेली दिसली. एडीएचडीच्या मुलांवरचे असे अभ्यास बहुतेक लहान असतात, वीस-तीस-चाळीस मुलांचे, म्हणून त्यावरून कोणी "एडीएचडी बरा करणारा खेळ" असं विकत असेल तर पाकीट घट्ट धरा. पण दिशा मला पटते, आणि मी रोज जे बघते त्याच्याशी जुळते.

आणि पळणं अगदीच वाया नाही बरं का. २०१३ मध्ये अमेरिकेत ८ ते १० वर्षांच्या ४० मुलांना, त्यात निम्मी एडीएचडीची, २० मिनिटं ट्रेडमिलवर मध्यम वेगाने चालवलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ बसून वाचायला दिलं. चालल्यानंतर लगेच घेतलेल्या टेस्टमध्ये चुका कमी झाल्या, वाचन-गणित पण सुधारलं. म्हणजे मध्यम हालचालीचा लगेचचा, थोड्या वेळापुरता फायदा असतो. म्हणून मिस्टरांना सांगा, ग्राउंड बंद करू नका, फक्त दहाचे तीन राउंड करा, तेही मजेत, आणि उरलेला वेळ खेळाला द्या. जमलं तर संध्याकाळी अभ्यासाच्या आधी पंधरा-वीस मिनिटं हालचाल ठेवा, अभ्यास झाल्यावर बक्षीस म्हणून नको. आपण नेमकं उलटं करतो, "आधी होमवर्क मग खेळ".

आता खेळ कुठला. मी स्वतः अमळनेरला शाळेत खोखो खेळलेय त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असेल हे आधीच कबूल करते. पण तुम्ही खोखोचे नियम एकदा या पोरांच्या नजरेने बघा. आठ जण रांगेत उकिडवे बसलेत, एकाआड एक तोंडं उलट्या दिशेला. तुम्ही बसलाय, समोरून पळणारा अगदी हाताच्या अंतरावरून गेला, अंगात नुसतं सळसळतंय, पण मागून पाठीला हात आणि "खो" असा आवाज येईपर्यंत उठायचं नाही. मिळाला की लगेच उठायचं, क्षणाचा उशीर नको. उठलं की एकदा दिशा घेतली ती घेतली, मागे फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही, बसलेल्या दोघांच्या मधून घुसता येत नाही, पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालूनच. आणि हे सगळं ध्यानात ठेवून पळणाऱ्याने हूल दिली तर त्याच सेकंदाला ठरवायचं, मी पळू की खो देऊ. थांबणं, ध्यानात धरणं, बदलणं, तिन्ही कामं एका मिनिटात दहा वेळा. एखाद्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं असतं ना, की या मुलांसाठी खेळ बनव, तर त्याने पण असाच काहीतरी बनवला असता. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही कप आपल्याकडे आले आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्रातले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण "डॉक्टरीणबाईंनी दिलेला व्यायाम" म्हटलं की तोंड वाकडं होतं आणि "वर्ल्ड कपचा खेळ" म्हटलं की बूट शोधायला पळतात. (मी डॉक्टर नाहीये हे पन्नास वेळा सांगून झालंय, जाऊ द्या.)

पण एडीएचडीच्या मुलाला थेट खोखोत बसवलं तर काय होतं ते पण सांगते. धरणगाव तालुक्यातला एक मुलगा, दहा वर्षांचा, त्याला शाळेच्या टीममधून दोनदा काढलं होतं कारण तो खो मिळायच्या आधीच उठायचा. फाउल, परत फाउल, बाकीची पोरं वैतागली. मी त्याला आधी एकट्याला घेतलं. जमिनीवर खडूने एक चौकट काढली, त्याला तिच्यात बसवलं, दोन्ही तळहात जमिनीला टेकवून. त्याला काम एकच दिलं, माझा हात पाठीला लागेपर्यंत तळहात जमिनीवरून सुटता कामा नये. मी त्याच्या मागे उभी. कधी दोन सेकंदांनी हात लावायचा, कधी नऊ. पहिल्या दिवशी वीसपैकी सहा वेळा थांबला. ओरडले नाही, नुसतं मोठ्याने मोजायचे, "सहा", "सात". चौथ्या-पाचव्या दिवशी मी फसवायला लागले, "गो" म्हणायचे, "शो" म्हणायचे, टाळी वाजवायचे, त्याची बहीण समोरून वाकुल्या दाखवत पळायची. त्याची बोटं जमिनीत रुतल्यासारखी पांढरी व्हायची, खालचा ओठ दातात, पण उठायचा नाही. ते बघताना मला कळलं की व्यायाम तिथे चाललाय, त्या बोटांत. तीन आठवड्यांनी दोन मुलं वाढवली, मग चार, मग शाळेत. तिथे पण पहिल्या मॅचला एक फाउल केलाच. पण फाउल झाल्यावर स्वतःच कपाळावर हात मारून बसला, हे नवीन होतं. आधी भांडायचा.

यातून धरायची गोष्ट म्हणजे पायरी. खेळ इतका सोपा नको की आपोआप होईल, आणि इतका अवघड नको की दर वेळी हरेल. दहापैकी सात-आठ वेळा जमतंय तिथे त्याला ठेवा, नऊ-दहा जमायला लागलं की एकच नियम वाढवा. एका दिवशी एकच. आपण मोठी माणसं उत्साहात चार नियम एकदम सांगतो आणि पाचव्या मिनिटाला "ऐकतच नाही" म्हणून मोकळे होतो. सूचना एका वाक्यात द्या, त्याच्याकडे बघून, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या.

घरात, अंगणात, गच्चीवर करायला लागणारे खेळ तुम्हाला येतातच, फक्त थोडे वाकवायचे. "चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड" आठवतंय ना? बोटाऐवजी अख्ख्याने उडी मारायची. चिमणीला उडी, म्हशीला गप्प. दोन दिवसांनी उलटं करा, न उडणाऱ्याला उडी आणि पक्ष्याला गप्प, मग बघा आपलीच कशी फजिती होते, आईबाबांनी हरणं हा या खेळातला सगळ्यात मोठा आकर्षणाचा भाग आहे. "शिवाजी म्हणतो" पण तसंच. "स्टॅच्यू" तर फुकटात ब्रेकचा सराव, गाणं लावा, गाणं बंद की पुतळा, मग एक दिवस उलटं, गाणं चालू असताना पुतळा आणि बंद झालं की नाच. डोंगर का पाणी, विषामृत, हे सगळे चालतात. रुमाल उचलायच्या खेळात नंबर थेट सांगू नका, "तीन अधिक चार" म्हणा, सात नंबरवाला पळेल. पाढे पाठ करायला बसत नाही म्हणता ना, बॉल टाकत टाकत करा, तुम्ही टप्पा देऊन बॉल टाकताना "सहा चोक" म्हणायचं, त्याने झेलताना उत्तर द्यायचं, आणि पाचने भाग जाणारं उत्तर असेल तर झेलायचं नाही, सोडून द्यायचं. हा शेवटचा नियम एकदम आणू नका, आठवड्याभराने आणा.

एक काळजी मात्र घ्या, ज्या खेळात बाद झालं की बाहेर बसायचं असतं ते खेळ या मुलांसाठी उलटे पडतात. संगीत खुर्ची घ्या. ज्याचा ब्रेक कच्चा तो पहिल्या फेरीतच बाद, आणि ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बसलेला, मग तो काय करणार, दुसऱ्याला टपल्या मारणार. त्यापेक्षा साखळी बरी, पकडला गेला तर तो हात धरून साखळीत येतो, खेळातच राहतो. किंवा बाद झालेल्याला पाच उड्या मारून परत आत घ्या.

क्रिकेटबद्दल मला लोक भांडतात, तरी सांगते, एडीएचडीच्या लहान मुलाला गल्ली क्रिकेटमध्ये बाउंड्रीला उभं करणं म्हणजे त्याला खेळात न घेणंच आहे. दहा बॉलमधून एक त्याच्याकडे येतो, आणि तो येतो तेव्हा हा मुंग्यांचं वारूळ बघत असतो, मग सगळे शिव्या देतात. कीपिंग द्या त्याला. प्रत्येक बॉलला त्याचं काम.

कराटेचं विचारलंत. चालेल, चांगला आहे, काताचा (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचा) क्रम लक्षात ठेवायला लागतो, ऐकून थांबायला लागतं. पण आधी एक दिवस क्लासला जाऊन नुसतं बसा आणि बघा की तासाभरात मुलं किती वेळ खरंच हलतात. चाळीस मुलांची रांग लावून एकेकाची पंच बघणारा क्लास असेल तर तुमचा मुलगा पस्तीस मिनिटं उभा राहणार आणि दुसऱ्या आठवड्यात तक्रार येणार. सर शिट्टीपेक्षा जास्त ओरडतात का, चुकलेल्याला सगळ्यांसमोर हसतात का, हे पण बघा. दहा-बारा मुलांचा बॅच, सारखे न बदलणारे सर, घरापासून जवळ, हे बेल्टच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. मल्लखांब शिकवणारं कोणी जवळ असेल तर माझं पहिलं मत तिकडे जाईल, खांबावर असताना मन भटकलं तर अंग लगेच सांगतं.

बऱ्याच एडीएचडीच्या मुलांचे हातपाय पण थोडे वेंधळे असतात, बॉल झेलता येत नाही, दोरीच्या उड्या जमत नाहीत, बुटाची लेस जमत नाही. असं असेल तर त्याला थेट टीममध्ये टाकू नका, सगळे हसतात आणि मग तो "मला खेळायचंच नाही" म्हणतो आणि आपल्याला वाटतं हा मोबाइलवेडा आहे. आधी घरी फुग्यावर, मग मोठ्या मऊ बॉलवर, मग टेनिस बॉलवर आणा. महिना-दोन महिने लागतात.

मोठ्या मुलांचं वेगळं असतं. चौदा-पंधराच्या मुलाला "चिमणी उड" सांगितलं तर तो तुमच्याकडे बघणार पण नाही. त्यांना कबड्डी, बॅडमिंटन, टेबल टेनिस, कुस्ती, नाहीतर गणपतीतलं ढोल-लेझीम पथक द्या. लेझीमला लोक कमी लेखतात. आठ आकड्यांचे चार प्रकार, शिट्टी बदलली की प्रकार बदलायचा, शेजारच्याशी ताल जुळवायचा, आणि हे सगळं दीड तास घामाघूम होत. नंदुरबारकडच्या मुलींना मी नवरात्राच्या दोन महिने आधीपासून गरब्याची प्रॅक्टिस लावते, नवीन स्टेप, उलटी स्टेप, दोन टाळ्यांची तीन टाळ्या. मुलींचं मुद्दाम लिहितेय कारण त्यांचा एडीएचडी बऱ्याचदा उड्या मारणारा नसतो, खिडकीबाहेर बघणारा असतो, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही आणि त्यांना ग्राउंडवर पण कोणी पाठवत नाही. या वयात मुलाला दोन-तीन पर्याय देऊन त्यालाच निवडू द्या, आणि लहान मुलांना शिकवायची जबाबदारी द्या, कॅप्टन केलं की ही मुलं वेगळीच दिसतात.

किती करायचं? ५ ते १७ वयाच्या सगळ्याच मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागणारी हालचाल हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं आहे. त्यातली २०-३० मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, डोकं लावायच्या खेळाची असली तरी पुष्कळ. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि तो "अजून" म्हणत असताना थांबवा. कंटाळल्यावर थांबवलं तर उद्या येणार नाही. आणि फरक पडला की नाही हे दोन आठवड्यांत ठरवू नका, आठ ते बारा आठवडे द्या. एक वही घ्या आणि त्यात फक्त दोन गोष्टी लिहा, अभ्यासाला बसल्यावर किती मिनिटांनी पहिल्यांदा उठला, आणि आज खेळात चुकल्यावर भांडला का. बाकीचं "सुधारला का" वगैरे मोघम लिहू नका, त्या दिवशी तुमचं डोकं दुखत असेल तर सगळं वाईटच दिसतं.

आपल्याकडचं ऊन हा मोठा प्रश्न. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत बाहेर काही नको. ही मुलं खेळात रमली की तहान, चक्कर काही सांगत नाहीत, त्यामुळे पाण्याचा ब्रेक आपण घड्याळ लावून द्यायचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावाला गेलात की झोके आहेत, चिंचेच्या झाडावर चढणं आहे, ते सगळं करू द्या, पडतील तर पडतील. एकाच गोष्टीत मात्र कडक राहा, विहीर आणि नदी. आमच्याकडे विहिरीत उडी मारूनच पोहायला शिकतात हे मला माहीत आहे, मी पण तशीच शिकले, पण ज्याचा ब्रेक उशिरा लागतो तो पाण्याची खोली बघायच्या आधी उडी मारतो. पाण्यापाशी एक मोठा माणूस, हाताच्या अंतरावर, मोबाइल खिशात.

शाळेचं एक. एका शाळेत माझ्याकडच्या मुलाला गोंधळ घातला म्हणून महिनाभर पीटीच्या तासाला वर्गात बसवून शुद्धलेखन लिहायला लावत होते. मी जाऊन बोलले, सर म्हणाले, "मॅडम, शिक्षा म्हणजे त्याला आवडतं तेच काढून घ्यायला हवं ना." तुमच्याकडे असं होत असेल तर वर्गशिक्षकांना भेटा, भांडू नका, फक्त सांगा की शिक्षा दुसरी द्या, फळा पुसायला द्या, वह्या वाटायला द्या, पण पीटी काढू नका. तोंडी सांगून उपयोग झाला नाही तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या, चिठ्ठीला आपल्याकडे मान आहे. घरी पण तोच नियम, मार्क कमी पडले म्हणून ग्राउंड बंद नको.

गोळीचं स्पष्ट सांगते कारण हे लिहिलं की लगेच कोणीतरी विचारतं, मग गोळी बंद करू का. नाही. खेळ गोळीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही. दोन्हीची कामं वेगळी, आणि गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरच करतील. मिथाइलफेनिडेटने (एडीएचडीत नेहमी दिलं जाणारं औषध) काही मुलांची भूक मरते, तुमच्या मुलाचं तसं असेल तर सकाळी गोळीच्या आधी पोटभर खाऊ घाला, दूध-भाकरी, केळी, आपल्याकडे केळीला काय तोटा, आणि गोळीचा असर उतरला की रात्री परत भरपूर. उपाशी पोटी ग्राउंडवर नको. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, घरात कोणाला लहान वयात हार्टचा त्रास असेल, तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ज्यांनी अजून कुठे दाखवलंच नाहीये आणि हे वाचून आपल्या पोराला एडीएचडी ठरवतायत त्यांच्यासाठी, प्रत्येक उड्या मारणारं पोरगं एडीएचडीचं नसतं. घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांच्या वर, बारा वर्षांच्या आधीपासून, आणि त्याने त्याचं रोजचं अडतंय, असं असेल तर दाखवा. आजी लोक "याना बाप बी असाच व्हता" म्हणतात, त्यात पण तथ्य असतं, हे घराण्यात चालतं. ताई, तुमच्या मिस्टरांना विचारून बघा लहानपणी ते वर्गात बसायचे का. हसतील तर समजून जा. अशा बापलेकांना एकत्र खेळू दिलं की दोघांचंही चांगलं जमतं, फक्त नियम कोण मोडतंय ते तुम्ही बघा.

ट्रॅम्पोलिन राहिलं. नुसत्या उड्या मारायच्या म्हणजे परत राउंडसारखंच, दोन आठवड्यांत आपोआप होतं, वर दोन पोरं एकदम चढली की डोकी आपटतात. ते पैसे राहू द्या. टेबल टेनिसच्या दोन साध्या बॅटा आणि सहा बॉल घ्या, जेवायच्या टेबलावर मधे चार पुस्तकं उभी करून नेट होतं. पहिला आठवडा नुसतं एकमेकांकडे बॉल जिवंत ठेवायचा, हारजीत नाही, दोघांनी मिळून किती टप्पे झाले ते मोजायचे. वीसच्या वर गेले की सांगा, मग पांढरा बॉल आला तर उजवीकडे आणि पिवळा आला तर डावीकडे मारायचा नियम कसा आणायचा ते लिहिते. बॉल दोन रंगांचे घ्या म्हणजे परत दुकानात जायला नको.